डोंगरवाटांसाठी कोपराखालचा कृत्रिम हात कसा करून घ्यावा?

प्रश्न : गौताळा_कन्नड

नमस्कार. मी कन्नड तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत भूगोल शिकवते. लहानपणी कडबा कुट्टीच्या यंत्रात सापडल्यामुळे माझा डावा हात कोपर आणि मनगट यांच्या साधारण मध्यावर कापावा लागला. कोपर शाबूत आहे आणि त्याच्या टोकापासून मोजल्यास सुमारे १४ सेंटिमीटर हात उरलेला आहे. शाळेत आणि घरात माझे फारसे काही अडत नाही. गौताळा अभयारण्य, पितळखोऱ्याच्या लेण्यांकडे जाणारी उतरण, अंतूर आणि वेताळवाडीचे किल्ले या भागात मात्र मी विद्यार्थ्यांना घेऊन, आणि सुट्टीत मैत्रिणींबरोबरही, नेहमी हिंडते आणि तेथे माझ्याकडचे दोन्ही कृत्रिम हात कुचकामी ठरतात.

त्यांपैकी एक हात केवळ दिसण्यासाठी आहे, त्याच्यावर त्वचेच्या रंगाचा मोजा आहे आणि तो डोंगरात नेण्याचा प्रश्नच येत नाही. दुसरा एका शिबिरात मिळालेला आहे. त्याला खांद्यावरून जाणारे पट्टे, केबल आणि उघडमीट होणारा हुक आहे. वर्गात फळा पुसण्यापासून वह्या उचलण्यापर्यंत तो चांगला चालतो, पण चढण सुरू झाली की घामाने सॉकेट (कृत्रिम हाताचा, उरलेल्या हातावर चढणारा पोकळ भाग) आतल्या आत फिरू लागते, उजव्या बगलेतला पट्टा काचून वळ उठतात आणि पाठीवर सॅक घेतली की हुक नीट उघडत नाही. काठी हुकात धरून तिच्यावर भार टाकला तर स्टंपच्या, म्हणजे उरलेल्या हाताच्या, टोकाशी हाड टोचल्यासारखी कळ येते.

विजेवर चालणारा हात घ्यावा असे नातेवाईक सुचवतात. तो माझ्या ऐपतीत बसणे कठीण आहे, तरीही त्याने माझा प्रश्न सुटणार असेल तर मी पैसे साठवीन. तसे नसेल, तर केवळ हिंडण्यासाठी वेगळा, साधा आणि अंगाला न रुतणारा हात करून घेता येईल का, आणि तो करून घेताना कारागिराला नेमके काय सांगावे, हे जाणकारांनी सांगावे.

उत्तर १ : अवयव_तंत्रज्ञ_लातूर

मॅडम, विजेवरच्या हाताचा विचार या कामासाठी तरी बाजूला ठेवा. तो हात त्वचेला टेकलेल्या इलेक्ट्रोडमधून स्नायूंचे अतिशय सूक्ष्म विद्युत संकेत वाचतो. घामाचा थर वाढला की ते संकेत बिघडतात आणि हात नको तेव्हा उघडतो किंवा मिटतो. शिवाय मोटार असलेला पंजा म्हणजे सगळ्यांत जड भाग नेमका हाताच्या टोकाशी येतो, आणि मुरमाची धूळ व पाऊस या दोन्ही गोष्टी त्याला मानवत नाहीत. कार्यालयात बसून काम करणाऱ्या माणसाला मी तो अवश्य सुचवतो. अंतूर चढणाऱ्या माणसाला सुचवणार नाही.

तुमच्या बहुतेक तक्रारींचे मूळ हुकात नसून सॉकेटमध्ये आहे. लोक कृत्रिम हात पाहताना पंजाकडे पाहतात, पण तो हात दिवसभर अंगावर राहील की दुपारी काढून पिशवीत जाईल, हे सॉकेट ठरवते. शिबिरात एकाच दिवशी अनेकांची मापे घ्यायची असतात, त्यामुळे सॉकेट बसते, पण ते बैठ्या कामापुरते बसते. तुमच्या स्टंपच्या टोकाशी होणाऱ्या वेदनेचे कारणही तेथेच असावे. कोपराखाली मध्यावर कापलेल्या हाताच्या टोकाला दोन हाडांची कापलेली टोके असतात आणि ती थेट भार सोसू शकत नाहीत. मनगटाच्या सांध्यातून हात वेगळा केलेला असेल तर गोष्ट निराळी. म्हणून काठीचा दाब स्टंपच्या टोकावर न येता पुढच्या हाताच्या मांसल भागावर, विशेषतः तळहाताकडच्या बाजूला, पसरला पाहिजे आणि टोकाशी थोडी पोकळी राहिली पाहिजे. प्लास्टरचे माप घेताना कारागिराने हा मांसल भाग हाताने दाबून धरला, तरच हे साधते. माप घेण्यापूर्वीच त्याला सांगा की या हाताने तुम्ही काठीवर भार टाकणार आहात.

दुसरा मुद्दा सॉकेट अंगावर कशाने टिकून राहते याचा आहे. तुमच्या सध्याच्या हातात पट्टे दोन कामे करतात : हात खाली घसरू देत नाहीत आणि केबलही ओढतात. पहिले काम सॉकेटवरच सोपवता येते. जर्मनीतील म्युन्स्टर येथे १९५०च्या दशकात अशी सॉकेट तयार झाली, जी कोपराच्या वरच्या हाडांना धरून स्वतःच टिकते. ती मुख्यतः आखूड स्टंपसाठी होती आणि तिच्यात कोपर पूर्ण वाकत किंवा पूर्ण सरळ होत नाही. पुढे अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या नावाने ओळखली जाणारी रचना आली. ती कोपराच्या दोन्ही बाजूंच्या उंचवट्यांच्या किंचित वर चिमटीसारखी पकड घेते आणि कोपराचे टोक बरेचसे मोकळे सोडते. १४ सेंटिमीटरच्या स्टंपला माझ्या मते ही दुसरी रचना योग्य ठरेल, कारण कातळात कोरलेल्या पायऱ्यांवर आधार घेताना तुम्हाला कोपर मोकळे हवे असणार.

घामाचे काय, हा प्रश्न उरतो. आपल्याकडे मे महिन्यात तापमान ४० अंशांच्या पुढे जाते आणि त्या हवेत कोणतीही बंद सॉकेट कोरडी राहणार नाही, हे आधीच मान्य करून चाललेले बरे. भार न येणाऱ्या जागी, म्हणजे प्रामुख्याने मनगटाकडच्या पोकळ भागात आणि स्टंपच्या बाजूंना, लहान लहान छिद्रे पाडून घ्या. एकच मोठी खिडकी कापून घेऊ नका, कारण तिच्यातून मांस फुगून बाहेर येते आणि कडेला रुतते. आत सुती किंवा लोकरीचा स्टंपमोजा घाला, जास्तीचे मोजे बरोबर ठेवा आणि मोजा ओला झाला की थांबून बदला. सिलिकॉनचा लायनर, म्हणजे मोज्यासारखे स्टंपवर चढवायचे मऊ अस्तर, पकड उत्तम देतो, पण त्याच्या आत घाम साचतो आणि तो कायम टिकणारी वस्तू नाही; म्हणून पहिल्याच हातासाठी मी तो सुचवत नाही. स्टंप रात्री धुवून कोरडा होऊ द्यावा. सकाळी धुवून ओलसर त्वचेवर सॉकेट चढवल्यास त्वचा लवकर सोलवटते.

उत्तर २ : बालाघाट_सायकल

ताई, माझाही हात कोपराखाली गेलेला आहे, फक्त उजवा. मी अंबाजोगाईकडचा असून धारूरच्या बाजूच्या घाटरस्त्यांवर सायकल चालवतो आणि जमेल तेव्हा पायीही हिंडतो. तंत्रज्ञ साहेबांनी सॉकेटबद्दल सांगितलेले मला पटते, पण सिलिकॉन लायनरबद्दल माझे मत वेगळे आहे. उन्हाळ्यात तो त्रास देतो हे खरे असले, तरी पावसाळा आणि हिवाळा मिळून आपला हिंडण्याचा मुख्य काळ होतो, आणि त्या काळात सुती मोज्यापेक्षा लायनरमध्ये सॉकेट खूपच कमी फिरते. एप्रिल-मेमध्ये आपल्या भागात दुपारी डोंगर चढणे तसेही शहाणपणाचे नाही. ज्यांना एकदम दोन्ही खर्च झेपत नाहीत त्यांनी मोज्यावर सुरुवात करावी, मात्र पुढे लायनर घालण्याइतकी जागा ठेवता येईल का हे कारागिराला आधी विचारावे. मोज्याच्या मापाने घट्ट केलेल्या सॉकेटमध्ये नंतर लायनर मावत नाही.

सॅकमुळे हुक न उघडण्याचे कारण सरळ आहे. केबल ओढणारा पट्टा पाठीवरच्या फऱ्यावरून जातो आणि खांदा पुढे केला की फऱ्याच्या हालचालीने केबल ताणली जाते. सॅकचा बंद आणि तिची पाठ त्याच पट्ट्याला दाबून धरतात, म्हणून तुम्ही खांदा कितीही पुढे केला तरी ओढ हुकापर्यंत पोहोचत नाही. कधी याच्या उलटही होते : उतारावर वाकल्यावर सॅक पट्ट्यासकट पुढे सरकते आणि हुक आपोआप उघडून काठी हातातून निसटते. हे मला जास्त धोक्याचे वाटते, कारण ते नेमके घसाऱ्यावर घडते.

यावर दोन मार्ग आहेत. स्वतःच टिकणारी सॉकेट झाली की इंग्रजी आठच्या आकाराच्या पट्ट्यांऐवजी नऊच्या आकाराचा एकच पट्टा पुरतो. तो फक्त केबल ओढतो, हात तोलत नाही, त्यामुळे बगलेवरचा दाब बराच कमी होतो. मला मात्र दुसरा मार्ग सोयीचा पडला, तो म्हणजे हिंडताना केबल आणि पट्टे घरीच ठेवणे. चालताना हुक किती वेळा उघडावा लागतो याचा विचार करून पाहा. पाण्याची बाटली, डबा, मोबाइल ही सगळी कामे चांगल्या हाताने होतात. कृत्रिम हाताने काठी धरायची, खडकाला टेकू द्यायचा, फांदी बाजूला सारायची. या कामांना उघडमीट लागतच नाही. मनगटाशी आटे असलेले सॉकेट आणि त्यात फिरवून बसवायची दोन-तीन निरनिराळी अवजारे, एवढ्यावर भागते. बगलेतला पट्टा गेला की सॅकचा प्रश्नही त्याच्याबरोबर जातो. मुलींबरोबर असताना कुर्त्याच्या आतले पट्टे नीट करण्यासाठी आडोसा शोधण्याचा त्रासही वाचेल, असे माझी पुतणी म्हणते. तिलाही असाच हात आहे.

एक गोष्ट मात्र ठाम सांगतो. कृत्रिम हात काठीला, दोराला किंवा सायकलच्या हँडलला असा कधीही बांधू नका, की पडताना तो सुटणार नाही. माणूस पडला तर काठी एकीकडे जाते, शरीर दुसरीकडे जाते, आणि मध्ये कोपर पिळले जाते. आपल्याकडे तेवढेच कोपर उरलेले असते. सायकलवर मी हँडलला वाटीसारखा टेकू लावला आहे, त्यात हात वरून ठेवला जातो आणि वर उचलला की मोकळा होतो. दोन्ही ब्रेक एकाच लिव्हरवर घेऊन ती चांगल्या हाताकडे लावली आहे. अशी दोन तारा ओढणारी लिव्हर मोठ्या शहरातील सायकल दुकानात मागवून मिळते. नाथसागरावर किंवा इतरत्र बोटीत बसणार असाल तर तेथेही हाच नियम लागू होतो, किंबहुना पाण्यात हात क्षणात काढून टाकता आला पाहिजे.

उत्तर ३ : टूलरूम_वाळूज

मी वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत टूलरूममध्ये काम करतो. प्रेसवर हात गमावलेले सहकारी पाहिले आहेत आणि त्यांच्यापैकी एकासाठी अवजारे बनवून दिली आहेत. सॉकेटवर बोलण्याचा मला अधिकार नाही, पण त्यापुढच्या लोखंडाबद्दल काही सांगता येईल.

प्रथम वजनाचा हिशेब पाहा. समजा, टोकाशी ४०० ग्रॅमचे अवजार आहे आणि ते कोपराजवळच्या टेकूपासून ३० सेंटिमीटर दूर आहे. सॉकेटच्या आत स्टंपच्या टोकाकडचा टेकू मात्र कोपराजवळच्या टेकूपासून फार तर १२ सेंटिमीटरवर मिळतो. हात आडवा धरला की ४०० गुणिले ३० भागिले १२, म्हणजे पूर्ण एक किलोचा दाब स्टंपच्या टोकाशी वरच्या बाजूने येतो आणि ६०० ग्रॅमचा दाब कोपराखाली उलट दिशेने येतो. सॉकेटचे स्वतःचे वजन यात धरलेलेच नाही. आता अवजार १५० ग्रॅमचे केले आणि हात आखूड करून ते २४ सेंटिमीटरवर आणले, तर तोच दाब ३०० ग्रॅमवर येतो. हिंडण्याच्या हाताची लांबी दुसऱ्या हाताइतकी असलीच पाहिजे असा काही नियम नाही. हात आखूड ठेवा आणि काठी लांबी कमी-जास्त करता येणारी घ्या.

मनगटाच्या जोडाला जगभर सर्वसाधारणपणे अर्ध्या इंचाचे, इंचाला २० आटे असलेले माप चालते, त्यामुळे एका कंपनीचा हुक दुसऱ्या कंपनीच्या मनगटात बसतो. तुमच्या हाताचे आटे तेच आहेत का, हे थ्रेड गेजने तपासून घ्या. तेच असल्यास कोणताही चांगला लेथवाला तुम्हाला अवजारे बनवून देऊ शकेल. आट्यांचा खुंट स्टेनलेस स्टीलचा आणि बाकीचा भाग अ‍ॅल्युमिनियमचा करावा, कारण अ‍ॅल्युमिनियमची घनता स्टीलच्या साधारण एक-तृतीयांश असते, पण वारंवार फिरवल्यास त्याचे आटे खराब होतात. दोन धातू एकत्र आल्यावर घामाच्या खारटपणाने गंज चढतो, म्हणून जोडाला ग्रीस लावत राहावे.

काठीसाठी मी केलेली रचना अशी आहे : मनगटाच्या खुंटानंतर गाड्यांना लागतो तसला एक रबरी बुश येतो आणि त्याच्या पुढे काठीला पकडणारा क्लॅम्प येतो. बुशमुळे काठी थोडी तिरकी होऊ शकते आणि दगडावर आपटल्याचा धक्का हाडापर्यंत पोहोचत नाही. काठीवर टाकलेला सरळ भार अवजाराच्या धातूच्या उंचवट्यावर येतो. क्लॅम्प बंद ठेवणारा बोल्ट मात्र नायलॉनचा आहे, त्यामुळे काठी आडवी पिळली गेली तर तो बोल्ट तुटतो आणि काठी सुटते. बालाघाटकरांनी सांगितलेला धोका टाळण्यासाठीच हे केले आहे.

खडकाला टेकू देण्यासाठी वेगळे अवजार लागते. त्यासाठी मुठीच्या आकाराचा घट्ट रबराचा गोळा उत्तम, कारण तो कातळावर घसरत नाही आणि मुलांच्या घोळक्यात कोणाला लागतही नाही. हुकाला मी कमी लेखत नाही. अमेरिकेतील डोरन्स याने १९१२ साली पेटंट घेतलेली दुभंगलेल्या हुकाची कल्पना अजूनही जगभर वापरली जाते, यातच तिचे यश आहे. मात्र तो हुक रबरी कड्यांच्या ताणाने मिटतो आणि त्याची पकड त्या कड्यांइतकीच असते. काठीवर शरीराचा भार पडला की ती अपुरी पडते. याच्या उलट, केबल ओढल्यावर मिटणारे आणि जितके ओढाल तितके घट्ट धरणारे पंजेही असतात. स्वतः हात गमावलेल्या बॉब रेडॉकी यांनी १९७९ साली कोलोराडोतील बोल्डर येथे सुरू केलेल्या कंपनीने तसले पंजे आणि खेळांसाठीची कितीतरी अवजारे बनवली. त्यांची चित्रे पाहून आपल्या लेथवर काय करता येईल याचा अंदाज येतो.

बालाघाट_सायकल

नायलॉनच्या बोल्टची कल्पना चांगली आहे, पण तो डोंगरात तुटला तर पुढची वाट काठीविना जाते. क्लॅम्पला आतून रबर लावून तो घर्षणावरच धरू द्यावा, म्हणजे काठी पिळली तर निसटेल आणि पुन्हा बसवताही येईल, असे मला वाटते.

टूलरूम_वाळूज

घर्षणाची पकड पावसात आणि चिखलात बदलते. कोरड्यात योग्य घट्ट केलेला क्लॅम्प ओल्यात आधीच सुटेल आणि भार टाकलेला असताना सुटेल. बोल्ट ठरलेल्या जोरालाच तुटतो. दोन जास्तीचे बोल्ट आणि एक छोटा पाना सॅकच्या कप्प्यात ठेवणे मला सोपे वाटते. अर्थात, वापरणारा निर्णय घेईल.

गौताळा_कन्नड

सर्वांचे मनापासून आभार. केबल आणि पट्टे घरी ठेवण्याचा विचार मला सुचलाच नव्हता, आणि आता तोच सर्वांत योग्य वाटतो. बोल्टच्या बाबतीत मी वाळूजच्या दादांच्या बाजूची आहे, कारण माझा सगळा त्रास पावसाळ्यातल्या निसरड्या उतरणीवरचा आहे. दोन शंका उरतात. नवी सॉकेट अंतिम होण्याआधी ती डोंगरात चालेल की नाही हे कसे तपासावे? आणि ती कोठे करून घ्यावी?

अवयव_तंत्रज्ञ_लातूर

मॅडम, अंतिम सॉकेट करण्याआधी पारदर्शक प्लास्टिकची चाचणी सॉकेट करून मागा. तिच्यातून त्वचा दिसते, आणि जेथे दाब जास्त आहे तेथे ती पांढरी पडलेली दिसते. तिला काठीचे अवजार जोडून घरातल्या वजनकाट्यावर काठी टेकवा आणि हळूहळू भार वाढवा; किती किलोला कळ येते आणि कोणत्या जागी येते, हे लिहून कारागिराला द्या. "टोचते" एवढेच सांगितले तर तो सगळीकडे सैल करील आणि सॉकेट फिरू लागेल. त्यानंतर मोजा घालून, सॅक पाठीवर घेऊन, उन्हात जिन्यावर चढ-उतार करा आणि सॉकेट काढून पाहा. त्वचेवरचा लालसरपणा १० ते १५ मिनिटांत गेला तर हरकत नाही; त्याहून जास्त वेळ राहिला तर सॉकेट त्या जागी आतून कोरून मोकळी करावी लागेल. हाडाच्या उंचवट्यावर लाली दिसली तर वाट न पाहता दुरुस्ती करून घ्या. गरम हवेत आणि श्रमाने स्टंप थोडा फुगतो, म्हणून ही तपासणी सकाळच्या थंड वेळेत करून उपयोग नाही.

ठिकाणांबद्दल सांगायचे तर पुण्यात १९४४ साली स्थापन झालेले लष्कराचे कृत्रिम अवयव केंद्र आहे आणि तेथे नागरिकांचीही कामे होतात. मुंबईत हाजी अली येथे केंद्र सरकारची भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे. शिबिरातला हात जर दिव्यांगांना साहाय्यक साधने देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेतून मिळाला असेल, तर त्याच कामासाठी ३ वर्षांच्या आत पुन्हा लाभ मिळत नाही; तेव्हा त्याची तारीख आणि युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे ओळखपत्र) दोन्ही बरोबर न्या. खासगी कारागिराकडे जाणार असाल तर तो भारतीय पुनर्वसन परिषदेकडे नोंदणीकृत आहे का हे विचारा, आणि चाचणी सॉकेटनंतरच्या दुरुस्त्यांचे पैसे एकूण रकमेत धरलेले आहेत ना, हे आधी लिहून घ्या. सॉकेट मनासारखी झाली की तिचा प्लास्टरचा साचा फेकू देऊ नका, घरी घेऊन या. स्टंपचा आकार बदललेला नसेल तर पुढची सॉकेट त्यावरून निम्म्या कटकटीत होते.